तिसाव्यानंतर

पहाटेचे पावणेतीन. कोल्हापूर, उद्यमनगर.
साडेसहाला माल पुण्याला निघायचाय
आणि गेटपास निघेना,
कारण डेटाबेस सर्व्हरला आत घेईना.

पासवर्ड बरोबर आहे.
चिकटवला, मग टाइप केला,
मग एका बोटानं, मोठ्यानं म्हणत.
मी स्वतः गेले तर दार उघडतंय.
सर्व्हर गेला की नाही.

ऑडिटवाले म्हणाले, लांब ठेवा.
बाहुबली मगदूमनं चौतीस अक्षरी ठेवला
आणि जयसिंगपुरात फोन बंद करून झोपला.

लॉगमध्ये एकच ओळ: नाकारले.
खाली परत तीच.

रज्जाकचाचा भट्टीवरून चहा घेऊन आले,
स्क्रीनकडे बघून म्हणाले,
'साचा भरला की रस वरच्या भोकातनं दिसतो, पोरी.
तुझ्या ह्याला भोक कुठाय?'

नाहीच.

मग जुन्या चलनामागं चौकटी आखल्या,
एकेक अक्षर बसवत गेले.
सर्व्हरच्या सेटिंगचं पान काढलं:
तीस.
पुढची चार तो गिळत होता
आणि तोंडातनं शब्द नाही.
अरे, बोलायचंस की लेका!

नवा ठेवला, अठ्ठावीसचा.
प्रिंटर खरखरला,
बाहेर ड्रायव्हरनं सेल मारला.

चलनामागं ती चार अक्षरं तशीच राहिली.
शेवटचं तर उद्गारचिन्ह होतं,
मगदूमनं हौसेनं दिलेलं,
रात्रभर कुणालाच ऐकू न गेलेलं.