प्रवाशांसाठी

पहाटे चार चाळीसला पत्रक येतं.
आधी अरबीत, मग इंग्रजीत,
आणि सहाच्या आत मी त्याचं करते
निझव्याच्या डेपोतल्या फळ्यावर मावेल एवढं.

नवी होते तेव्हा अरबी ऐकताना
माझा मराठी कान मधेच तोंड घालायचा.
बहर म्हणजे समुद्र. खवळलेला बहर!
मतर म्हणजे पाऊस, मला दिसायचे सोललेले मटार.
दबाब म्हणजे धुकं;
मी आठवडाभर हवेचा दाब समजून
गाड्या सोडत राहिले.
कुणाला काही झालं नाही.
हे मी अजून डेपोत सांगितलेलं नाही.

आजचा फळा:
जबल शम्स, उणे दोन. वळणांवर बर्फाचा पापुद्रा.
मुसंदम, शमाल वारा, लाटा तीन मीटर, खसबची बोट बंद.
आदम ते हैमा, दाट धुकं, नऊपर्यंत.
सलाला, सत्तावीस. आकाश निरभ्र.
आणि तळाशी रोजची ओळ,
प्रवाशांनी काळजी घ्यावी.

वडिलांचा मेसेज निफाडहून:
पारा पाचवर. बागेत शेकोट्या पेटवल्या.
तुमच्याकडे काय, उन्हाळाच ना?
मी दोन स्वेटर घालून, खडू बोटांत धरवत नाही,
'हो' लिहिते. समजावत बसायला वेळ नाही.

हुजैफ हजवाने, चिपळूणकडचा,
इंग्रजी वाचतो पण त्यावर विश्वास ठेवत नाही.
त्याला मराठीतच सांगावं लागतं.
'धुई म्हणा ना मॅडम,
धुकं म्हटलं की पुस्तकातलं वाटतं.'
पाठीवर फ्रीझर, उणे अठरा, कोंबडी ब्राझीलची,
आणि समोर आठशे किलोमीटरवर नारळाच्या झाडांखाली
शर्टाची बटणं उघडी टाकून बसलेले लोक.
मफलर बांधून तो निघाला.

सात वीस. आदमच्या पुढून फोन.
'थांबलोय. पुढचं दिसत नाही, मागचंही नाही.
बॉनेट आहे असं धरून चाललोय.'
मी म्हटलं, नऊपर्यंत.
'कुणाचे नऊ?'

नऊ चाळीस. 'एक उंटीण इंजिनाला टेकून उभी आहे.
हॉर्न दिला, हलत नाही.
ऊब लागली तिला. राहू दे.'

सव्वादहा. नुसतं हसणं.
मग: 'उठली धुई. आजूबाजूला अकरा गाड्या हो!
एक पठाण दहा पावलांवर चहा उकळत बसलेला.
तीन तास, मॅडम. दहा पावलांवर.'
धुक्याचं काहीच नाही,
त्या चहाचंच त्याला लागलं होतं.

दुपारी सैफ जबलवरून उतरला,
शाळेची पोरं गाडीत झोपलेली, नाकं लाल.
माझ्यापुढे जेवणाचा डबा ठेवला.
आत, शेळ्यांच्या डोणीतला बर्फ,
तळहाताएवढा, काचेसारखा,
मधे अडकलेला एक काळा केस.
'तुझ्या फळ्यावरचे उणे दोन,' म्हणाला, 'मोजून घे.'

मोबाइल सापडेपर्यंत निम्मा वितळला.
तरी फोटो काढला, निफाडला पाठवला.
वडिलांचं उत्तर लगेच: फ्रीजमधला ना?
शेळीचा केस फोटोत नीट आला नव्हता.

रात्री सव्वाअकराला सलालाहून निरोप.
माल पोचला. उणे अठरा कायम.
मी घामाघूम. मफलर कुठेतरी राहिला,
बहुतेक उंटिणीपाशी.

फळा मी संध्याकाळीच पुसला होता,
ओल्या फडक्यानं, वरून खाली.
शेवटची ओळ तेवढी ठेवली.
ती रोज लागते, आणि खडू महाग झालाय.