एक हजार एकशे चाळीस

छावणीच्या चर्चमध्ये एकतीस वर्षं
हिशेबाच्या वह्या, किल्ल्या आणि शेवटचा शब्द
आमच्या यांच्याकडे होता.
पाळक आले, बदलून गेले,
कुणाला इंदूरची हवा मानवली नाही, कुणाला हे.

हो, हेही सांगायलाच हवं.

सोडा, असं कुणी म्हणालं नव्हतं.
उलट घरी येऊन म्हणायचे,
शांतवनराव, तुमच्याशिवाय कसं?
मी चहा टाकता टाकता बघायची
त्या 'कसं'नं यांची पाठ ताठ होताना.
मग एका रात्री, अंधारातच,
"मनोरमा, मला ते ऐकायला आवडायला लागलंय."
एवढंच. कूस बदलून झोपले.
जागी मी राहिले.

वह्या लावताना चूक सापडली.
अठ्ठ्याण्णव साल, छपराच्या पत्र्यांची पावती
दोनदा लावलेली, पैसे दोनदा उचललेले,
यांनीच. न कळत.
इतकी ऑडिटं तिच्यावरून चालत गेली.
मी म्हटलं, दानपेटीत टाका गुपचूप, देव बघतोच ना.
म्हणाले, "देवानं तेव्हाच बघितलं.
लोकांना दाखवायचं राहिलंय."

रविवारी उपासना संपल्यावर उभे राहिले.
मला वाटलं, त्या म्हाताऱ्या संदेष्ट्यासारखं विचारतील,
कुणाचा बैल नेला मी, कुणाचं गाढव?
विचारलं नाही. सांगितलं.
साल, पत्रे, आकडा.
नोटा मोजून टेबलावर ठेवल्या.
पंखा फिरत राहिला. कुणीतरी खोकलं.
हार आणला होता, तो आता केव्हा घालायचा
ते कुणालाच कळेना,
पिशवीतच सुकला.

वह्या आता प्रीतिशा आढावकडे,
एम.वाय.मधली नर्स, नाइट करून थेट येते.
हे तिला म्हणाले, "अडलं तर विचार."
दारापर्यंत गेले, वळले,
"नाही. आधी अडू दे."

काल आम्ही सातव्या बाकावर, भिंतीकडेला.
घंटा चार मिनिटं उशिरा झाली.
यांचा हात उठला,
आणि मग आपल्याच मांडीखाली जाऊन बसला
शाळेतल्या पोरासारखा.
गीत सुरू झालं तेव्हा प्रथमच समजलं,
माझा नवरा बेसूर गातो.
इतकी वर्षं पुढे उभे असायचे
पाठमोरे, काहीतरी मोजत.

येताना पोहे घेतले.
पोहेवाला म्हणाला, "आज जल्दी, भिया?"
"हाँ, आज ताला कोई और लगाएगा,"
हे म्हणाले,
आणि जिरावन जरा जास्त मागितलं.