दहा तारीख

पोटगी या शब्दात पोट आहे
हे मला एकोणचाळिसाव्या वर्षी दिसलं,
शिवाजीनगरला, फॅमिली कोर्टाच्या बाकावर,
शेजारचा माणूस डबा उघडून
मेथीची भाजी खात होता तेव्हा.

त्याआधी मी तो शब्द शिवीसारखा वापरायचो.
चाकणच्या टूलरूममध्ये, चहाच्या सुट्टीत:
पोटगी लावली राव.
दंड लावतात तशी. जॅमर लावतात तशी.
पोरं चुकचुकायची,
एखादा माझ्या चहाचे पैसे द्यायचा.

बहिरट मॅडमनी कागद पुढे सरकवले.
मिळकत आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र.
ओव्हरटाइमही लिहा, कुदळे,
लपवू नका, स्लिपा ते मागवतीलच.
मी लिहिलं. दुचाकी, पतसंस्थेचं कर्ज,
आईच्या शुगरच्या गोळ्या,
सगळं मायक्रॉनमध्ये मोजल्यासारखं.

मग वृषालीचं प्रतिज्ञापत्र हातात आलं.
मुलीचा महिन्याचा खर्च: अकरा ओळी.
मला चार ठाऊक होत्या,
फी, व्हॅन, दूध, डॉक्टर.
सातवी ओळ: चष्मा. वर्षातून दोनदा नंबर तपासणी.

शाल्मलीला चष्मा लागला होता
आणि मला ते विरुद्ध पक्षाच्या कागदावरून कळलं.

नऊ हजार. दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत.
भेट पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी.

ऑगस्टात भेट झाली नाही. ताप आहे म्हणे.
मी पैसे थांबवले
आणि मोठा तीर मारल्यासारखा मॅडमकडे गेलो.
त्यांनी पेनाला टोपण लावलं.
तिकीट काढलंय का हो तुम्ही, मुलगी बघायचं?
भेट नाकारली तर त्याचा अर्ज वेगळा.
हे पैसे वेगळे, ते पोरीचे.
नोकरी गेली, पगार घटला, तर कोर्टात येऊन सांगा,
रक्कम कमी करून मागा, मी अर्ज लिहिते.
पण तोवर मीटर चालू असतो.
गप्प बसून बंद केलंत, तर थकबाकी साठते
आणि मग घरी वॉरंट येतं.

जिना उतरताना डोक्यात आलं,
तापात तिनं कमी खाल्लं असेल,
तेवढे वजा होतील का?
लाज वाटली.
पण आधी हिशेब झाला, लाज नंतर आली,
हेही प्रतिज्ञेवर सांगतो.

त्या संध्याकाळी ऑगस्टचे भरले. एक दिवस उशीर.

नोव्हेंबरचा पहिला शनिवार. मुलांच्या खोलीत
एका चाकाचा ट्रक, भिंतीवर फिकट जिराफ.
शाल्मली चष्मा नाकावर वर ढकलत बसली,
मग खाली वाकून तिनं बूट काढला.
चावतोय, म्हणाली.
मी अंगठ्यानं बुटाचं टोक दाबून पाहिलं.
दिवसभर फीलर गेज घेऊन फटी मोजणारा माणूस मी.
फट नव्हतीच.
चल, म्हणणार होतो, लक्ष्मी रोडला जाऊ, आत्ता,
खोकं हातात घेऊन तिला घरी सोडताना
वृषालीनं दारातून बघावं, असंही डोळ्यांपुढे येऊन गेलं.

आई म्हणाली दहा तारखेनंतर घेऊ,
शाल्मली म्हणाली.
दिवाळीनंतर म्हणावं इतक्या सहज.
तारीख तिला पाठ आहे.
तारीख कुणाची, ते तिला माहीत नाही,
आणि मीही सांगितलं नाही.
मोज्याच्या टाचेला भोक होतं. आत गोल लाल फोड.
तिनं तो जिराफाला दाखवल्यासारखा भिंतीकडे केला
आणि ट्रक घेऊन पलीकडे गेली.

बाहेर बसस्टॉपवर फोन काढला.
सहा तारीख होती.
नऊ हजार टाकले. खाली शेऱ्याचा रकाना.
एरवी मी तिथे लिहितो: कोर्ट आदेश.
आज लिहिलं, बूट.
मग खोडलं.
अकरा ओळी तिला येतात, मला अजून चारच,
फार तर पाच.
रकाना रिकामा ठेवून पाठवले.

भोसरीची बस आली.
उभं राहण्यापुरती जागा होती.