औटकी

केसरीनाथ मढवी दिवसा तुर्भ्याला क्रेन चालवतो.
संध्याकाळी घणसोली गावात, काकाच्या बर्फाच्या खोलीत,
मला ड्रम शिकवतो.
खोलीला अजून मासळीचा वास आहे.
ड्रमच्या पोटात कोंबलेल्या गोधडीलाही.

मी सत्तेचाळीस वर्षांची.
औषधांच्या होलसेलरकडे हिशेब लिहिते.
उजवा हात हायहॅटवर आठ घाव सरळ घालतो,
तो पहिल्यापासून शहाणा.
डावा दोनवर आणि चारवर.
इथवर मला जेवताना, चमच्यानेही जमतं.
मग तो म्हणाला, आता पाय.
एकवर. अडीचवर. साडेतीनवर.

पाय अडीचला निघाला
की डावाही निघतो त्याच्यामागे,
जत्रेत बोट धरलेल्या पोरासारखा.
उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हणतात.
माझ्याकडे सगळ्यांना सगळं कळतं,
लगेच.

बाबांनी औटकी पाठ करून घेतली होती,
औट दुणे सात, औट त्रिक साडेदहा,
चुकलं की पट्टी.
साडेतीन कशाला लागतात, कधी विचारलं नाही.
आता चाळीस वर्षांनी
साडेतीन माझ्या टाचेखाली आलेत
आणि मला सापडत नाहीत.

'मोजाचा सोर, ताय,' केसरीनाथ म्हणतो.
'यो दांडा वर, त्यो डावीकर, पाय ब्रेकवर.
मोजीत बसलू तं पेटी खाली परंल.'

घरी रद्दीचा गठ्ठा स्नेअर, उशी हायहॅट,
पायाखाली जुनी गादी.
खालच्या सावकारे वहिनींनी लिफ्टमध्ये हळूच विचारलं,
ससा पाळलाय का?

मार्चमध्ये गोठिवलीत हळद होती.
मी त्याच्या मागे स्टुलावर, नुसती बघायला.
गाणं चालू असताना त्याचा फोन थरथरला, कंपनीचा.
उजव्या हाताने वाजवत त्याने डावी काठी मला दिली,
मग मी बसले, मग दुसरी.
मधे एक घाव गेला. बँजोवाल्याने वळूनही पाहिलं नाही.

समोर लाल खुर्च्यांच्या थप्पीवर
एक मुलगी झोपली होती, एवढ्या आवाजात.
तिची चप्पल अंगठ्याला लटकत होती.
पडेल, आता पडेल,
मी चपलेकडे बघत राहिले.
हात कुठे होते मला माहीत नाही.
पाय त्याच्या कामाला गेला होता.
आठ घावांची वाट खाली आपोआप पसरत होती
आणि जो तो आपापल्या जागी
दुसऱ्याला जागा ठेवून उतरत होता.

अरे, अडीच, माझ्या मनात आलं.
आणि कोसळलं.
नवरीच्या मामाचा उचललेला पाय हवेतच राहिला.
मग पुढचा एक आला, तो येतोच,
त्याच्यावर मी परत चढले. मामाही उतरला.

केसरीनाथ नळी चोखत परत आला.
किती वेळ टिकला, विचारलं.
मी म्हटलं, मोजलं नाही.

चप्पल अजून अंगठ्यालाच होती.