भिंतीपलीकडचा हात

पहाटे साडेतीनला भिंतीपलीकडे दिवा लागतो.
मला दिसत नाही तो,
बटणाचा खटका ऐकू येतो,
मग शालवाचा खोकला,
मग पिठाची गोणी फरशीवरून ओढल्याचा घसारा.

खाशुरी जंक्शनच्या तारघरात मी एकतीस वर्षं काढली.
झोप तिथेच राहिली,
एका रात्री कुठल्याशा मालगाडीत चढून
बातुमीकडे निघून गेली.
कान तेवढे घरी आले.

ऑक्टोबरात बेकरीत नवा पोरगा लागला. बादरी.
नाव मला शालवाच्या शिव्यांमधून कळलं.

शालवाचा पाव भट्टीच्या भिंतीला बसतो, तेव्हा
थप्प.
वासराच्या पाठीवर ओला हात पडावा तसा,
आखूड, भरीव, मागे काही न ठेवणारा आवाज.
पोराचा थोडा पसरट.
मग एक क्षण काहीच नाही.
मग खाली निखाऱ्यांवर फस्स,
आणि माझ्या खिडकीत जळक्या पिठाचा वास.

पहिल्या रात्री चाळिसातले एकोणतीस पडले.
दुसऱ्या रात्री एकतीस.

"कमरेतून वाक!" शालवा ओरडायचा,
"भट्टी काय गिळणार आहे तुला?"
गिळणारच होती की.
तोंड वर करून बसलेली, छातीइतकी खोल,
तिच्यात डोकं घालायचं,
ताणलेलं पीठ होडीसारखं भिंतीला चिकटवायचं
आणि पुढचा श्वास घ्यायच्या आत बाहेर यायचं.
तेही दोनशेदा.

मी कॅलेंडरच्या पाठीमागे आकडे लिहू लागले.
सतरा. बावीस. अकरा. एकोणीस.
असं नसतं ना, की रोज एकेक कमी होत जाईल.
मलाही लामाराबाईंनी तारेची अक्षरं शिकवली तेव्हा
महिनाभर बोटं नुसती टेबलावर आपटत होती.
सूपच्या वाडग्यावर चमचा वाजवायचे मी,
बसच्या खिडकीवर, नवऱ्याच्या पाठीवर.
तो झोपेत म्हणायचा, "काय लिहितेस?"
काही नाही. एकच अक्षर. पुन्हा तेच.

हात बसतो म्हणतात,
जणू थकून कुठेतरी टेकतोच तो.
टेकण्याआधी किती उभा असतो
त्याचा हिशोब कोणी ठेवत नाही.

डिसेंबरात तीन दिवस पोरगा आला नाही.
कोणाची तरी मयत होती गावाकडे.
परतला त्या रात्री पुन्हा चोवीस.
मी अंथरुणातून उठले, पाणी प्यायले,
भिंतीला तोंड लावून शिवी दिली,
त्याला की त्या तीन दिवसांना, कोण जाणे.

मग जानेवारीतली ती रात्र.
फ्रिजची घरघर थांबली, म्हणजे वीज गेलेली.
पलीकडे निखाऱ्यांच्या उजेडातच काम सुरू झालं.
थप्प. थप्प.
थप्प.
चला, म्हटलं, आज म्हाताऱ्यानंच हातात घेतलंय.
अंधारात पोराला कोण पीठ नासू देईल?
डोळे मिटले.
झोप येईल असं वाटलं, पहिल्यांदाच, इतक्या वर्षांत.

तेवढ्यात शालवा खोकला.
रस्त्यावरून.
माझ्या खिडकीखाली उभा राहून सिगारेट ओढत होता तो,
आणि आत
थप्प. थप्प. थप्प.

मी उठून बसले.

सकाळी बर्फ तुडवत पाव आणायला गेले.
तेरा-चौदा आठवड्यांत एकदाही गेले नव्हते,
माझा पाव शेजारीण आणते.
किरकोळ पोरगा, कान मोठे,
कोपरापर्यंत हातावर एक केस शिल्लक नाही.
पाव कागदात गुंडाळताना स्वतःशीच हसत होता.
"मावशी, आज एकही पडला नाही," म्हणाला.

"एक पडला," मी म्हटलं. "चार वाजून दहा मिनिटांनी."

त्याचा हात कागदावर तसाच राहिला.
आतून शालवा खोकल्यासारखं हसला,
की हसल्यासारखं खोकला.
पावाचं टोक करपलेलं होतं.
ते मी दारातच मोडून खाल्लं.