चाबीची पावती

गावाची नगरपंचायत झाली त्या वर्षी
आम्हांला बगीचा मिळाला.
आठवडी बाजाराच्या मागं, पाऊण एकर,
तारेचं कुंपण, सहा बाकं, दोन झोपाळे
आणि सिमेंटचा एक जिराफ,
जो इथं कुणीच पाहिलेला नव्हता
पण पोरांनी पहिल्याच दिवशी ओळखला.

खर्चाचा कागद मीच टाइप करायचो.
बगीचा : देखभाल व दुरुस्ती.
पहिल्यांदा नव्वद हजार, मग साठ,
मग सभेत कुणी म्हणालं, झाडं काय पगार मागतात?
सगळे हसले.
इतिवृत्तात मी लिहिलं, सविस्तर चर्चा झाली.
यंदा त्या रकान्यात एक आडवी रेघ आहे.
माझ्याच पट्टीनं मारलेली. सरळ.

एक एप्रिलला लटारू कोडापे आला.
टेबलावर ठेवली गेटची चाबी,
झारीचं तोंड आणि हातभर नळी.
"बाकीची उन्हानं खाल्ली," म्हणाला,
"चाबीची पावती द्या, साहेब."
माझ्याकडं पावतीपुस्तकं चार.
घरपट्टीचं, पाणीपट्टीचं, बाजार बैठकीचं, दाखल्यांचं.
चाबी मिळाल्याचं एकही नाही.
दुपारपर्यंत तो व्हरांड्यात बसून राहिला,
मग उठला. "राहू द्या. कुलूप तसंबी लागत नोहतं."

मे महिन्यात हिरवळ आधी पिवळी झाली,
मग झाडूच्या रंगाची,
मग बगीच्याआधी जी माती होती, ती.
बोअरची मोटर पाणीपुरवठ्यानं उसनी नेली.
बकऱ्यांनी मेंदी संपवली.
'फुले तोडू नयेत' हा नियम
आता गावात सगळेच पाळतात.
जिराफाच्या मानेतून सळई निघाली,
तिच्यावर कुणी बनियन वाळत घालतं.
हिरवा तेवढा कडुनिंब.
तो आधीपासूनच होता,
त्याचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं.

एक झोपाळा साखळीसकट गेला.
दुसरा उरला, गंजल्या कडीचा,
कर्र... कर्र...
थेट माझ्या खिडकीत.
हातचा एक मी विसरायचो,
बेरीज पुन्हा वरून.

शेवटी ऐंशी रुपयांचं तेल आणलं.
नोंद केली : शिक्क्याची शाई, बाटली एक.
बावीस वर्षांच्या नोकरीतली
माझी ही पहिली खोटी ओळ.
संध्याकाळी स्टूल घेऊन गेलो, कडीला तेल घातलं.
दोन वेण्यांची एक पोर वाट पाहत उभी होती.
ती बसली, तिनं पाय ताणले,
आणि झोपाळा गेला, आला, गेला,
काही न बोलता.

तेवढ्यात रस्त्यापलीकडून पंचफुला धावत आली,
फुटाण्याची गाडी तशीच टाकून,
अनवाणी, हातात तापला झारा.
"आवाज काहाले बंद झाला? पोरगी कुठं हाये?"
पोरगी हवेत होती.
पंचफुला थांबली. धाप खाली बसू दिली.
कडीला बोट लावून वास घेतला,
मग माझ्या हातातली बाटली पाहिली.
"भट्टीकडं तोंड करून असतो मी दिवसभर.
कान ठेवत होती इच्यावर.
आता काय ठेवू?"

उरलेलं अर्धं तेल
ड्रॉवरमध्ये आहे, चाबीशेजारी.
बाजारात लटारू भेटला, हल्ली विटांच्या भट्टीवर जातो.
त्याला सांगितलं सगळं. तो हसला नाही.
"धूळ हाये ना आपल्याकडं," म्हणाला,
"आठ दिवसांत बोलते कडी."

नवव्या दिवशी चारच्या सुमारास
पाणीपट्टीची थकबाकी जुळवत होतो.
कर्र.
पेन तिथंच ठेवलं.
पुढचा ऐकू येईपर्यंत.