हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात नाना बँकेत जायचे
आपण जिवंत आहोत हे सांगायला.
इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं :
एक स्वतःचं,
एक रांगेत कुणीतरी मागतंच, त्याच्यासाठी.

बत्तीस वर्षं नोटप्रेसमध्ये
कोऱ्या नोटा तपासून, मोजून
उजव्या अंगठ्याच्या रेषाच पुसून गेल्या होत्या.
मशीन लाल दिवा दाखवायचं.
काउंटरवरची पोरगी म्हणायची,
काका, पुन्हा ठेवा. पुसून ठेवा.
अहो, अंगठाच नाही तुम्हाला!
नाना हसायचे :
"आहे ना. वाटला गेलाय.
तुझ्या पर्समध्येसुद्धा असेल थोडा."

प्रेसमधलं घरी कधी बोलले नाहीत.
विलास विचारायचा, आज किती कोटी मोजले?
"तुझ्या आईला विचार,
पिठाच्या डब्याखाली किती उरलेत."
गेटवर रोज झडती. चपला काढा, डबा उघडा,
उरलेली अर्धी भाकरीसुद्धा उलटून बघायचे.
पुरणपोळी द्यायला आई म्हणूनच कचरायची :
आत काय दडलंय म्हणून फोडतील मेले.

भोंगा झाला की आधण.
जेलरोडवरून सायकल यायला लागायची
तेवढ्यात चहाला उकळी.
भोंगा आजही होतो.
आई आजही उठते, दोन पावलं जाते,
आणि मग उगाच ओटा पुसते.

एकच सवय त्यांनी कामावरून घरी आणली,
जी झडतीत सापडली नाही :
जे हातात येईल ते उजेडाकडे धरून बघायचं.
माझं प्रगतिपुस्तक.
पळशाच्या मळ्यातून आलेल्या द्राक्षाचा एकेक मणी.
मला बघून गेलेल्या मुलाचा फोटोसुद्धा,
खिडकीशी नेऊन, पुढून, मागून,
स्टुडिओच्या शिक्क्यासकट.
"कागद बरा आहे," म्हणाले.
आईनं तोंडाला पदर लावला.
त्याच कागदाशी माझा संसार चाललाय, बरा.

दिवसभर चुका शोधून येणाऱ्या माणसाला
संध्याकाळी आमच्या दिसत नसाव्यात,
असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते.
परवा आई भाजी निवडता निवडता म्हणाली,
दिसायच्या की.
रात्री सांगायचे मला एकेक.
मग म्हणायचे, पण छपाई आपलीच, मालती,
बाद करून टाकायची कुठं?

शेवटी फुप्फुसाचा एक्स-रे
त्यांनी स्वतःच खिडकीत धरला.
बराच वेळ.
आम्ही तिघं त्यांच्या पाठीकडे बघत उभे.
एक्स-रे पाकिटात घातला, कड नीट दुमडली,
आणि विचारलं, "दूधवाला येऊन गेला का?"

रामकुंडावर गुरुजी म्हणाले,
इथं अस्थी उरत नाहीत, पाणी होतं त्यांचं.
आईनं विचारलं, अंगठ्याचंसुद्धा?
गुरुजींनी पुढच्यांना हाक मारली.

आता पेन्शन अर्धं
आणि दाखला आईचा.
तिचा अंगठा भाकऱ्यांनी आणि राखेनं झिजलेला.
मशीन लाल.
तीच पोरगी, आता चष्मा लागलाय तिला,
आजी, पुसून ठेवा.
आई पदराला पुसते, ठेवते. लाल.
पुन्हा पुसते. लाल.
मग हात उचलते
आणि अंगठा ट्यूबलाइटकडे धरून
एक डोळा मिटून बघते,
जन्मात पहिल्यांदा.
"आहे," म्हणते. "तू बघ नीट."

मागून कुणीतरी विचारतं,
मावशी, पेन आहे का?
आई पिशवीतून दोन्ही काढते,
हातावर रेघ ओढून बघते,
आणि चांगलं चालणारं
त्याला देते.